दुसरी खूण



पुणे ते लोणावळा या मार्गावर लोकल गाड्या धावतात. या मार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मध्ये कान्हे नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. आंदर मावळातल्या कितीतरी गावांची वाट कान्हे फाट्यावरून जाते. म्हणून कामाला, कॉलेजला, बाजाराला निघालेली माणसे येथे गाडी पकडतात. रोज जाणारे लोक रोज तिकीट काढत नाहीत. ते महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास काढतात.

गाडीत तिकीट तपासनीस आले की लोक खिशातून पास काढून दाखवतात. पण नुसता पास दाखवून भागत नाही. तपासनीस म्हणतात, "ओळखपत्र दाखवा." ओळखपत्रावर प्रवाशाचा फोटो असतो आणि एक क्रमांक असतो. तोच क्रमांक पासावर लिहिलेला असतो. तपासनीस क्रमांक जुळवतात, फोटो पाहतात, मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतात. हे सारे चार-पाच सेकंदांत होते.

आता विचार करा. एखाद्याचा पास कान्हे स्टेशनच्या फलाटावर पडला आणि तो दुसऱ्या कोणाला सापडला, तर त्याला त्या पासावर प्रवास करता येईल का? नाही. कारण पास हाती आला, तरी चेहरा काही हाती येत नाही. पास ही पहिली खूण आहे, चेहरा ही दुसरी खूण आहे. दोन्ही खुणा जुळल्या, तरच प्रवासी खरा.

आज आपल्याला याच दुसऱ्या खुणेविषयी शिकायचे आहे. पण ती रेल्वेची नाही, मोबाईलमधल्या खात्यांची.

तुमच्या घरात एक तरी मोबाईल असेल. त्या मोबाईलमध्ये अब्बांचे बँकेचे खाते असते. अम्मीचे व्हॉट्सॲप असते. शाळेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच मोबाईलवरून भरलेला असतो. आणि खरे सांगायचे तर, त्या मोबाईलचा कारभार बहुतेक घरांत तुमच्याच हाती असतो. नानींना काही मेसेज आला की त्या तुम्हालाच हाक मारतात, "बेटा, यह क्या आया है, देख तो!" म्हणून हा पाठ मोठ्यांपेक्षा तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

मोबाईलमधले खाते पासवर्डने उघडते. पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. हा शब्द जुना आहे. कान्हे स्टेशनच्या पुढे मळवली स्टेशनवर उतरले की लोहगड आणि विसापूर हे किल्ले दिसतात. जुन्या काळी लष्कराच्या छावणीत किंवा किल्ल्यावर रात्री पहारा बसला की एक शब्द ठरवत. अंधारात कोणी आले की पहारेकरी तो शब्द विचारी. ज्याला तो सांगता येई, तो आपला माणूस.

या युक्तीत एक मोठा दोष आहे. समजा, झुडपामागे लपलेल्या शत्रूने तो शब्द ऐकला. आता तोही दारावर येऊन तोच शब्द सांगेल. पहारेकऱ्याला दोघांत फरक कसा कळणार? शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पास चोरीला गेला, तर खिसा रिकामा होतो आणि आपल्याला लगेच कळते. पण शब्द चोरीला गेला, तरी तो आपल्यापाशी राहतोच! त्यामुळे चोरी झाली हेच कळत नाही. महिनोन्महिने कोणी आपले खाते उघडून वाचत असेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल.

हा शब्द चोरण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. कोणी मागे उभे राहून आपली बोटे पाहतो. कोणी अंदाज करतो. स्वतःचे नाव आणि जन्माचे वर्ष, मोबाईल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, एक-दोन-तीन-चार, असे पासवर्ड ठेवणारे लोक कमी नाहीत. काही जण सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड ठेवतात. मग एका दुकानाच्या वेबसाइटवरून तो फुटला की चोर तोच शब्द ईमेलला, फेसबुकला, सगळीकडे लावून पाहतो. घराचे, कपाटाचे आणि तिजोरीचे कुलूप एकाच किल्लीने उघडावे, तसे हे झाले.

('कुलूप' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला का? उर्दूतला 'क़ुफ़्ल' तो हाच. अरबी-फारसीतून तो मराठीत आला आणि 'कुलूप' झाला.)

मग उपाय काय? उपाय म्हणजे दुसरी खूण. पासवर्ड बरोबर आला, तरी दार लगेच उघडायचे नाही. आणखी एक पुरावा मागायचा. इंग्रजीत याला 'टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन' म्हणतात, मराठीत 'द्विस्तरीय पडताळणी' म्हणतात. नावे अवघड आहेत, गोष्ट सोपी आहे.

मात्र दुसरी खूण पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची हवी. ओळख पटवणाऱ्या खुणा तीन जातींच्या असतात. एक, जे आपल्याला माहीत आहे. उदाहरणार्थ पासवर्ड किंवा पिन. दुसरी, जे आपल्याजवळ आहे. उदाहरणार्थ एटीएम कार्ड किंवा मोबाईलमधले सिम. तिसरी, जे आपण स्वतः आहोत; म्हणजे आपला चेहरा, बोटाचा ठसा. दोन पासवर्ड विचारले, तर त्या दोन खुणा झाल्या नाहीत. ज्याने वहीतून एक वाचला, तो त्याच वहीतून दुसराही वाचेल. पण ज्याने पासवर्ड चोरला, त्याला तुमच्या खिशातला मोबाईलही चोरावा लागला, तर त्याचे काम कठीण होते. दूर कुठल्या तरी शहरात बसलेल्या चोराला कान्ह्यातल्या घरात येऊन मोबाईल उचलता येत नाही.

एटीएम हे याचे उत्तम उदाहरण आहे. कार्ड आपल्याजवळ असते, पिन आपल्याला माहीत असतो. चार आकड्यांचे पिन एकंदर १०,००० होऊ शकतात. ही संख्या तशी लहानच आहे. पण चोराजवळ कार्ड नसेल, तर पिनचा उपयोग नाही. आणि कार्ड असले, तरी साधारणपणे तीन वेळा पिन चुकला की कार्ड बंद पडते. काही लोक मात्र कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहून ठेवतात. त्यांनी दोन खुणांची पुन्हा एकच खूण करून टाकली, नाही का?

दोन खुणा मागण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. 'शिक्कामोर्तब' हा मराठी शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. 'निर्णयावर शिक्कामोर्तब झाले' असे आपण म्हणतो. या शब्दाचे दोन भाग आहेत. 'शिक्का' म्हणजे मुद्रा, मुहर. 'मोर्तब' हा शब्द अरबी-फारसी 'मुरत्तब' वरून आला. मुरत्तब म्हणजे नीट रचलेले, पुरे झालेले. हा शब्द उर्दूत तुम्ही वापरताच. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा उमटवलेली असे आणि पत्राचा मजकूर संपला की तेथे दुसरी लहान मुद्रा उमटवलेली असे. पहिली मुद्रा सांगे की पत्र कोणाचे आहे. दुसरी सांगे की पत्र येथे संपले. तिच्याखाली कोणी चार ओळी घुसडल्या, तर ते लगेच उघडकीला येई. एका शिक्क्याने जे काम झाले नसते, ते दोन शिक्क्यांनी होत असे.

बँकेच्या लॉकरचेही तसेच आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेच्या अधिकाऱ्याकडे असते, दुसरी ग्राहकाकडे. एकट्या बँकेला लॉकर उघडता येत नाही आणि एकट्या ग्राहकालाही येत नाही.

आता मोबाईलकडे वळू. कार्डावरून इंटरनेटद्वारे पैसे देताना दुसरी खूण मागितलीच पाहिजे, असा नियम भारतीय रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये केला. १ ऑगस्ट २००९ पासून तो लागू झाला. युरोपीय संघातल्या देशांत असा नियम सप्टेंबर २०१९ पासून लागू होऊ लागला. म्हणजे या बाबतीत आपला देश दहा वर्षे पुढे होता! त्यामुळेच आपल्या मोबाईलवर ते आकडे येऊ लागले, ज्यांना सगळे 'ओटीपी' म्हणतात. ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा पासवर्ड. तो काही मिनिटांतच निकामी होतो. कोणी तो उद्या वाचला, तर त्याला काही मिळत नाही.

यूपीआयने पैसे देतानाही दोन खुणा असतात, पण एक आपल्याला दिसत नाही. यूपीआयचे ॲप आपल्या सिमशी आणि मोबाईलशी बांधलेले असते; ही पहिली खूण. आपण टाकतो तो पिन ही दुसरी. येथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. 'तुम्हाला पैसे पाठवतो आहे, पिन टाका' असे कोणी म्हणाला, तर तो पैसे पाठवत नसून काढून घेत आहे.

दोन खुणा आल्या, तेव्हा चोरांचा धंदा बसला का? नाही. चोरांनी कुलूप फोडणे सोडले आणि मालकालाच किल्ली मागायला सुरुवात केली.

समजा, तुमच्या खालांच्या व्हॉट्सॲपवरून तुमच्या अम्मीला मेसेज आला, "माझा सहा आकड्यांचा कोड चुकून तुझ्या नंबरवर आला आहे. तो जरा पाठव." नाव खालांचे आहे, फोटो खालांचा आहे. अम्मी कोड पाठवून देते. दुसऱ्या क्षणी अम्मीचे व्हॉट्सॲप बंद पडते. काय झाले? खालांचे खाते आधीच चोराच्या हाती गेले होते. चोराने स्वतःच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप उघडून तेथे अम्मीचा नंबर टाकला. नंबर खरोखर तुमचाच आहे का, हे पाहण्यासाठी व्हॉट्सॲपने अम्मीच्या मोबाईलवर कोड पाठवला. तो कोड अम्मीचाच होता, खालांचा नव्हता. आता चोर अम्मीच्या नावाने मामूंकडे, शेजाऱ्यांकडे पैसे मागेल. 'इस्पितळात आहे, दहा हजार लगेच पाठवा' असे लिहील. आणि नात्यातली माणसे विचारपूस न करता पाठवतील, कारण ती प्रेम करतात. मला या चोरीचा राग येतो तो पैशांपेक्षा याचमुळे.

यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे आणि तो २०१७ पासून सर्वांना उपलब्ध आहे. सेटिंग्ज उघडा, त्यात अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तेथे सहा आकड्यांचा पिन स्वतः ठरवून टाकायचा असतो. मग चोराला मेसेजवरचा कोड मिळाला, तरी त्याच्याकडे हा पिन मागितला जातो. तो मेसेजमध्ये येतच नाही; तो फक्त आपल्या डोक्यात असतो. सहा आकड्यांचे पिन १०,००,००० होतात. पण तुम्ही जन्मतारीख ठेवलीत, तर चोराला दहा लाखांतून शोधावे लागणार नाही. पिन ठरवताना ईमेलचा पत्ताही विचारतात. तो जरूर द्या. पिन विसरलात, तर त्याचा उपयोग होतो. नाहीतर सात दिवस वाट पाहावी लागते.

मेसेजने येणाऱ्या कोडात आणखी एक उणीव आहे. तो सिमवर येतो, आणि सिमही चोरता येते. चोर खोटी कागदपत्रे दाखवून आपल्या नंबरचे दुसरे सिम काढतो. तसे झाले की आपले सिम मुके होते आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. आपल्या मोबाईलची रेंज एकाएकी गेली, तासभर आली नाही आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन मात्र चालू आहे, असे दिसले तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला ताबडतोब कळवावे.

म्हणून ईमेलसारख्या महत्त्वाच्या खात्याला मेसेजऐवजी कोड तयार करणारे ॲप लावणे चांगले. त्याला 'ऑथेंटिकेटर' म्हणतात. याची रचना मोठी मजेदार आहे. ॲप सुरू करताना खात्याची कंपनी आपल्या मोबाईलला एक गुप्त आकडा देते आणि तोच आकडा स्वतःजवळही ठेवते. मग दोघेही त्या आकड्याचे आणि घड्याळातल्या वेळेचे एक ठरलेले गणित करतात. गणित एकच, गुप्त आकडा एकच, वेळ एकच. म्हणून उत्तरही एकच येते. दर ३० सेकंदांनी सहा आकड्यांचे नवे उत्तर तयार होते. दोघांमध्ये कोणताही मेसेज जात नाही. त्यामुळे मधल्या मध्ये तो चोरता येत नाही. आणि डोंगरामागे मोबाईलची रेंज गेली, तरी कोड तयार होतच राहतो. आंदर मावळातल्या मुलांना याचा फायदा मी वेगळा सांगायला नको.

आता कोणी विचारेल, मोबाईलच हरवला तर? हा प्रश्न आधीच विचारणारा विद्यार्थी हुशार. गूगलच्या खात्यात दुसरी खूण लावली की आपल्याला दहा कोड काढून ठेवता येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहावेत आणि शाळेचा दाखला, रेशनकार्ड जेथे ठेवतो, त्या पेटीत ठेवावेत. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नयेत. मोबाईल गेला की तेही जातील.

बोटाचा ठसा सर्वांत सोपा वाटतो. पण त्याविषयी एक विचार करून पाहा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. म्हणून कोणी 'यंत्रावर अंगठा ठेवा' म्हटले की लगेच ठेवू नये. कशासाठी, हे विचारावे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांबरोबर अशा वेळी तुम्ही उभे राहा.

एवढे सगळे केले, तरी एक प्रश्न उरतो. खूण आपण कोणाला दाखवतो आहोत? तपासनीसच खोटा निघाला तर?

हे आपल्या पुण्यातच घडले आहे. कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची जुनी बँक. तिचे मुख्य कार्यालय गणेशखिंड रस्त्यावर आहे. ११ ऑगस्ट २०१८ या दिवशी, शनिवारी, जगातल्या २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांतून या बँकेच्या कार्डांवर पैसे निघू लागले. काही तासांत सुमारे १२,००० वेळा पैसे काढले गेले आणि ७८ कोटी रुपये परदेशांत गेले. भारतातही अडीच कोटी निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकंदर ९४ कोटींहून अधिक रकमेची ही चोरी होती.

कार्डे बनावट होती. मग यंत्रांनी पैसे दिले कसे? एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या संगणकाला विचारते, 'हा ग्राहक खरा आहे का? देऊ का पैसे?' चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरवून मध्येच एक खोटा संगणक-द्वारपाल उभा केला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचलाच नाही. खोटा द्वारपाल प्रत्येक प्रश्नाला 'हो, द्या' असे उत्तर देत राहिला. कुलपे शाबूत होती, पण तपासणाराच बदलला होता. ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम गेलेली नाही, असे बँकेने त्या वेळी जाहीर केले. पुढे पोलिसांनी तपास केला, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली.

बँकेच्या यंत्रणेचे रक्षण तुम्हाला-मला करता येणार नाही. ते बँकेचे काम आहे. पण खोटा द्वारपाल आपल्या मोबाईलवरही येतो. 'तुमची वीज आज रात्री कापली जाईल', 'तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे', असा मेसेज येतो. खाली एक लिंक असते. ती दाबली की बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान उघडते. आपण तेथे पासवर्ड टाकतो, मग ओटीपी टाकतो. दोन्ही खुणा खऱ्या असतात, फक्त पान खोटे असते! पलीकडे बसलेला चोर त्या खुणा त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर टाकतो. म्हणून लिंकवरून बँकेत जाऊ नये. बँकेचे ॲप आपण स्वतः उघडावे. आणि ओटीपीचा मेसेज आला की फक्त आकडे पाहू नयेत, पूर्ण मेसेज वाचावा. किती रुपये, कोणाला, कशासाठी, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. मेसेज इंग्रजीत असतो म्हणून मोठी माणसे तो वाचत नाहीत. तुम्ही वाचू शकता. वाचून त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.

मेसेजवरच्या ओटीपीला दुसरे पर्याय यावेत, अशी सोय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निर्देशांत केली आहे. त्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. रूप कोणतेही आले, तरी दोन खुणांचा नियम त्यात कायम आहे.

आणि कोणी कोड सांगून बसलेच, तर? त्या माणसाला रागावत बसू नका. लाजेपोटी तो गप्प राहतो आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात निघून जातात. १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर लगेच फोन करावा. तक्रार लवकर पोचली, तर रक्कम वाटेतच अडवण्याचा प्रयत्न करता येतो. फोन करताना बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. त्यानंतर बँकेला कळवावे. व्हॉट्सॲप गेले असेल, तर आपल्याच मोबाईलवर आपला नंबर टाकून ते पुन्हा सुरू करावे. नवा कोड आपल्याच सिमवर येतो. चोराने मध्येच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर आपल्याला थांबावे लागते. तोपर्यंत नातेवाइकांना साधा फोन करून सांगावे की माझ्या नावाने पैसे मागितले, तर देऊ नका.

स्वाध्याय

१. रेल्वेच्या पासाबरोबर ओळखपत्र का पाहतात?
२. 'शब्द चोरीला गेला, तरी तो आपल्यापाशी राहतोच.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. कारण सांगा : दोन पासवर्ड म्हणजे दोन खुणा नव्हेत.
४. कुलूप, शिक्का, मोर्तब यांसारखे अरबी-फारसीतून मराठीत आलेले आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांची उर्दू रूपे लिहा.
५. नानींना बँकेच्या नावाने फोन आला आहे आणि पलीकडचा माणूस ओटीपी मागतो आहे. नानी, तुम्ही आणि तो माणूस यांच्यातला संवाद मराठीत लिहा.
६. घरातल्या एका मोबाईलवर मोठ्यांच्या परवानगीने व्हॉट्सॲपचा पिन लावून द्या. पिन त्यांनाच ठरवू द्या आणि त्या वेळी तुम्ही दुसरीकडे पाहा.